फादरांच्या शाळेत मुलाला घालताय? फॉर्मपासून एल.सी.पर्यंत

मुंबई-पुण्यातल्या मुलांसाठीच्या जुन्या कॅथलिक शाळांचा विषय निघाला की आपल्याकडे दोन प्रश्न हमखास येतात. ॲडमिशन मिळेल का? आणि तिथे आपल्या मुलाला ख्रिश्चन तर करणार नाहीत ना? दुसऱ्याचं उत्तर सोपं आहे : नाही. पहिल्याला बराच वेळ लागतो.

माझा मुलगा ज्युनिअर केजीपासून दहावीपर्यंत अशाच एका जेझुइट (कॅथलिक धर्मगुरूंच्या एका संघाच्या) शाळेत होता. एवढ्या वर्षांत आमच्यासारख्या घरांची धावपळ झाली ती वेगळ्याच कारणांनी. फॉर्मची तारीख निघून गेली, दाखल्यावरचं स्पेलिंग जुळलं नाही, कॅलेंडरमधली सूचना कोणी वाचलीच नाही, अशी. धर्माचा त्यात काही हात नव्हता. म्हणून या लेखात कागद आणि तारखा आधी घेतल्या आहेत, प्रार्थना नंतर.

हे सगळं डे स्कूलबद्दल आहे, म्हणजे सकाळी जाऊन दुपारी घरी येणाऱ्या मुलांच्या शाळेबद्दल. वसतिगृह हवं असेल तर पाचगणी-देवळालीची दुनिया वेगळी, तिथले नियमही वेगळे.

१. शाळा कोणाची आहे ते आधी बघा

आपण सगळ्यांनाच ‘कॉन्व्हेंट’ म्हणतो, पण या शाळा चालवणारे एक नाहीत. काही जेझुइट फादरांच्या आहेत, काही सलेशियन फादरांच्या, तर काही थेट धर्मप्रांताच्या, म्हणजे चर्चच्या आवारातल्या.

जेझुइटांच्या शाळा सर्वांत जुन्या. वांद्र्याची सेंट स्टॅनिस्लॉस १८६३ची, माझगावची सेंट मेरीज १८६४ची, पुणे कॅम्पातली सेंट व्हिन्सेंट्स १८६७ची, धोबी तलावाची सेंट झेवियर्स १८६९ची. कुलाब्याची कॅम्पियन (१९४३) आणि पुण्यात पाषाण रस्त्यावरची लोयोला (१९६१) त्यामानाने तरुण. माटुंग्याची डॉन बॉस्को सलेशियनांची.

याने काय फरक पडतो? शाळेचा सण कधी, सुट्टी कोणत्या संताची, फादर मुलांशी कसे वागतात, भर कशावर, हे सगळं त्यावर ठरतं. जेझुइटांचा संघ सेंट इग्नेशियस लोयोला यांचा. पोपने त्याला १५४० मध्ये मान्यता दिली, आणि १५९९ पासून त्यांच्याकडे शिकवण्याची लेखी पद्धत आहे. त्यामुळे शिस्त, वक्तृत्व, लेखन यांवर त्यांचा जोर असतो. सलेशियनांचे गुरू डॉन बॉस्को. धाकापेक्षा मायेने मूल सुधारतं असं ते मानत, म्हणून त्यांच्या शाळांत फादर मधल्या सुट्टीत मैदानावर मुलांमध्ये फिरताना दिसतात.

पूर्वी इथे जर्मन आणि स्विस फादर होते. पहिल्या महायुद्धात त्यांना जावं लागलं, मग स्पॅनिश आले. आताचे बहुतेक फादर आपल्याकडचेच, गोवा, मंगळूर, वसई, अहिल्यानगर भागातले. त्यातले बरेच छान मराठी बोलतात. वसईचे फादर फ्रान्सिस दिब्रिटो २०२० मध्ये धाराशिवच्या मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष होते, हे आठवलं तरी पुरे. केबिनमध्ये तोडक्यामोडक्या इंग्रजीत अडखळण्यापेक्षा सरळ मराठीत बोला. कोणी नाक मुरडत नाही.

आणखी दोन गोष्टी विचारून घ्या. बोर्ड कोणतं? यातल्या बऱ्याच शाळा एस.एस.सी.च्या आहेत, कॅम्पियनसारख्या काही आय.सी.एस.ई.च्या. आणि शाळा अजून फक्त मुलांचीच आहे का? काही जुन्या शाळांनी अलीकडे खालच्या वर्गांत मुलींनाही घ्यायला सुरुवात केली आहे.

२. फॉर्मची तारीख पकडा

प्रवेशाचे फॉर्म पुढच्या जूनसाठी आदल्या वर्षीच निघतात, काही ठिकाणी गणपती-दिवाळीच्या सुमारास, काही ठिकाणी नाताळनंतर. फॉर्म थोडेच दिवस मिळतात आणि सूचना लागते ती शाळेच्या वेबसाइटवर नाहीतर फाटकाजवळच्या बोर्डावर. व्हॉट्सॲपवर फिरणारी तारीख बहुधा मागच्या वर्षीची असते. ऑगस्टपासून आठवड्यातून एकदा फाटकावरच्या वॉचमन काकांना विचारत जा. फॉर्म कधी निघणार हे त्यांना ऑफिसच्याही आधी कळतं, असा माझा अनुभव.

वयाचा नियम महाराष्ट्रात ३१ डिसेंबरवर मोजतात. प्रवेशाच्या वर्षी त्या तारखेला नर्सरीसाठी ३, ज्युनिअर केजीसाठी ४ आणि पहिलीसाठी ६ वर्षं पूर्ण हवीत. एका दिवसाने हुकलं तरी पुढचं वर्ष.

या अल्पसंख्याक संस्था आहेत. संविधानाच्या कलम ३० प्रमाणे त्यांना आपल्या समाजातल्या मुलांना प्राधान्य देता येतं. सर्वसाधारण क्रम असा असतो : आधी परिसरातली कॅथलिक मुलं, मग ज्यांचा भाऊ शाळेत आहे ती, माजी विद्यार्थ्यांची मुलं, शिक्षकांची मुलं आणि उरलेल्या जागांवर आपण. वडील किंवा काका त्या शाळेचे असतील तर त्यांच्या एल.सी.ची, म्हणजे शाळा सोडल्याच्या दाखल्याची, प्रत फॉर्मला जोडायला विसरू नका. तोंडी सांगून उपयोग नसतो.

इथले सापळे :

• आर.टी.ई.च्या (शिक्षण हक्क कायद्याच्या) २५ टक्के लॉटरीत या शाळा शोधू नका. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१४च्या निकालाने अल्पसंख्याक शाळांना त्या कायद्यातून वगळलं आहे. २०२५ मध्ये दोन न्यायमूर्तींच्या पीठाने त्यावर शंका घेऊन प्रकरण फेरविचारासाठी पुढे पाठवलं. तेव्हा ज्या वर्षी अर्ज कराल त्या वर्षीची स्थिती बघा.

• ‘फादरांशी ओळख आहे, काम करून देतो’ म्हणणारा माणूस शाळेबाहेर भेटेलच. प्रवेशासाठी देणगी मागणं महाराष्ट्रात १९८७च्या कायद्याने गुन्हा आहे. त्या माणसाला दिलेल्या पैशांची पावती मिळत नाही आणि प्रवेशही मिळत नाही.

• नगरसेवकाचं पत्र. लोक अजूनही आणतात. फादर ते नम्रपणे घेतात आणि फाइलला लावतात, बस.

३. कागद आधी घरात तपासा

फॉर्मसोबत साधारण हे लागतं :

• मुलाचा जन्मदाखला, महापालिकेचा, त्यावर मुलाचं नाव असलेला
• आई-वडील आणि मुलाचं आधार
• पत्त्याचा पुरावा, भाड्याच्या घरात असाल तर नोंदणी केलेला करार
• लसीकरणाचं कार्ड
• जातीचा दाखला, लागू असेल तर
• पासपोर्ट आकाराचे फोटो, मुलाचे आणि पालकांचेही
• कॅथलिक कुटुंबांसाठी बाप्तिस्म्याचा दाखला आणि पॅरिशच्या (आपल्या भागातल्या चर्चच्या) फादरांचं पत्र
• वरच्या इयत्तेत येत असाल तर आधीच्या शाळेचा एल.सी., प्रगतिपुस्तक आणि सरल प्रणालीतला (राज्याच्या ऑनलाइन नोंदीतला) विद्यार्थी क्रमांक

जन्मदाखल्याकडे नीट बघा. हॉस्पिटलमधून नोंद होते तेव्हा बारसं झालेलं नसतं, म्हणून नावाचा रकाना रिकामाच राहतो. पहिल्या वर्षात नाव विनाशुल्क घालता येतं, नंतर पंधरा वर्षांपर्यंत विलंब शुल्क भरून. वॉर्ड ऑफिसची ती चक्कर फॉर्मच्या आठवड्यात मारायची वेळ येऊ देऊ नका. १ ऑक्टोबर २०२३ नंतर जन्मलेल्या मुलांसाठी तर जन्मतारखेचा पुरावा म्हणून हा दाखलाच लागतो, दुसरं काही चालत नाही.

आधार नसल्यामुळे प्रवेश नाकारता येत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये म्हटलं आहे. तरी ते असलेलं बरं, कारण पुढे ऑनलाइन नोंदींमध्ये ते सतत मागतात.

आता जातीच्या रकान्याबद्दल. ‘आम्ही जातपात मानत नाही’ म्हणून कित्येक घरं तो कोरा सोडतात, किंवा नुसतं ‘हिंदू’ लिहितात. विचार चांगलाच आहे. पण शाळेच्या जनरल रजिस्टरमध्ये जे लिहिलं जातं तेच पुढे एल.सी.वर येतं आणि जात पडताळणीच्या वेळी तोच कागद मागतात. आरक्षणाचा लाभ कधी लागण्याची शक्यता असेल तर पहिल्याच दिवशी जात-पोटजात दाखल्याप्रमाणे लिहा.

नावाचंही तेच. देवनागरी असो की इंग्रजी, नाव जन्मदाखल्यावर, आधारवर आणि फॉर्मवर एकाच पद्धतीने हवं. ‘शिंदे’च्या शेवटी एका कागदावर एक इंग्रजी अक्षर जास्त आणि दुसऱ्यावर कमी, हा घोळ दहावीच्या फॉर्मला उगवतो.

४. भेटीच्या दिवशी

मुलाखत म्हणत नाहीत, ‘इंटरॅक्शन’ म्हणतात. फादर किंवा हेडमिस्ट्रेस असतात, सोबत एक टीचर. मुलाला नाव, रंग, घरात कोण कोण असं विचारतात. तो बोलला नाही तरी फार बिघडत नाही, या वयाची मुलं गप्प बसतात हे त्यांनी हजारदा पाहिलेलं असतं. पाठ करून आणलेली इंग्रजी कविता मात्र लगेच ओळखू येते.

खरी पारख आई-वडिलांची होते. कुठे राहता, मुलाला कोण आणणार-नेणार, हीच शाळा का? ‘इंग्लिश चांगलं होईल म्हणून’ हे उत्तर त्यांनी इतकं ऐकलंय की त्यातून काहीच कळत नाही. घर चालत दहा मिनिटांवर आहे, शाळेला मोठं मैदान आहे, भाऊ इथे शिकला, असं खरं कारण असेल ते सांगा. फादरांना ‘फादर’ म्हणायचं, आपण कोणत्याही धर्माचे असलो तरी. ब्रदर म्हणजे पौरोहित्याची दीक्षा न घेतलेले संघाचे सदस्य, त्यांना ‘ब्रदर’. शिक्षिकांना ‘मिस’ किंवा ‘टीचर’. आता बऱ्याच शाळांत मुख्याध्यापक फादर नसतात. तेव्हा फादर मॅनेजर किंवा रेक्टर असतात, रोजचा कारभार प्रिन्सिपल बघतात. कुठल्या कामाला कोणाकडे जायचं हे पहिल्याच महिन्यात समजून घ्या.

आणि घरी मराठी बोलता हे लपवू नका. २०२० च्या कायद्याने राज्यातल्या सगळ्या बोर्डांच्या शाळांत मराठी सक्तीची आहे. घरात मराठी नीट असलेलं मूल त्या तासाला वर्गाचा आधार होतं. शाळेसाठी घरची भाषा इंग्रजी करून टाकणारी घरं मी पाहिली आहेत. मुलगा दोन्हींत अर्धवट राहतो आणि आजीशी बोलायचं बंद करतो.

५. कॅलेंडर नावाची वही

या शाळांत हँडबुकला बरेच जण ‘कॅलेंडर’ म्हणतात. भिंतीवरचं नव्हे, मुलाच्या दप्तरातलं. त्यात शाळेचा इतिहास, शाळेचं गाणं, प्रार्थना, वर्षाच्या तारखा, परीक्षांचं वेळापत्रक, रजेची पानं, उशिराची पानं आणि ‘रिमार्क’ची पानं असतात. शाळा आणि घर यांच्यात जे काही बोलणं व्हायचं ते याच वहीतून. नव्या पालकांचे निम्मे गोंधळ हे पुस्तक न वाचल्यामुळे होतात, असं मी पैजेवर सांगते.

• जूनमध्ये मिळाल्या दिवशी तारखांचं पान फोनवर टिपून घ्या. गणपतीला कोकणात जाणाऱ्यांनी तर आधी. रेल्वेचं आरक्षण आता ६० दिवस आधी उघडतं, म्हणजे तुम्ही तिकीट काढता तेव्हा चाचणी परीक्षेची तारीख कॅलेंडरमध्ये छापून आलेली असते. ‘आमचं तिकीट काढलेलं आहे’ हे कारण परीक्षा चुकवायला चालत नाही.

• रजा रजेच्या पानावरच लिहायची. वेगळ्या कागदावर सुंदर अक्षरात लिहिलेलं पत्र क्लास टीचर परत पाठवतात. जास्त दिवसांच्या आजारपणाला डॉक्टरांचा दाखला जोडा.

• रिमार्क आला की सही करून दुसऱ्या दिवशी परत. मुलगा रिमार्क लपवतो, आईची सही स्वतः करायला शिकतो, हे सगळं पाचवी-सहावीत घरोघरी होतं. दर रविवारी रिमार्कचं पान स्वतः उघडून बघायची सवय ठेवा.

• बेल वाजली की फाटक बंद. दोन मिनिटांचा उशीर म्हणजेही उशीरच. उशिराच्या पानावर शिक्के जमले की घरी बोलावणं येतं.

गणवेशात केस आणि बूट यांवर फार लक्ष असतं. सोमवारी असेंब्लीत रांगेतून नखं, केस, बेल्ट तपासले जातात. मुलांचे केस कानावर आले की परत पाठवतात, फॅशन कोणतीही असो. पी.टी.च्या दिवशी पांढरे कॅनव्हास लागतात आणि पावसाळ्यात ते कधीच वाळत नाहीत. शक्य असेल तर दोन जोड ठेवा. गणवेश यादी हातात आल्यावरच घ्या, हाउस (खेळ-स्पर्धांसाठी पाडलेला मुलांचा गट) कळल्याशिवाय रंगीत टी-शर्ट घेऊ नका.

६. प्रार्थना, कॅटेकिझम आणि घरच्यांची काळजी

रोजची सकाळ अशी : बेल, रांगा, प्रार्थना, एखादा छोटा विचार, सूचना, राष्ट्रगीत. प्रार्थना बहुधा इंग्रजीत, कधी ‘अवर फादर’, कधी सर्वांना चालेल अशी साधी. हात जोडून शांत उभं राहणं एवढीच अपेक्षा. जेझुइट शाळांत दुपारी किंवा शेवटच्या तासाला दोन मिनिटं डोळे मिटून दिवस आठवायला सांगतात. आज काय चांगलं झालं, कुठे चुकलो. सेंट इग्नेशियस यांच्या साधनेतली ही सवय आहे, त्याला ‘एक्झामेन’ म्हणतात. माझा मुलगा बाकी काही विसरला, हे विसरला नाही.

कॅथलिक मुलांना कॅटेकिझमचा तास असतो, म्हणजे त्यांच्या धर्माचं शिक्षण. त्याच वेळी बाकीच्यांना मूल्यशिक्षण, जुन्या भाषेत मॉरल सायन्स. महिन्याच्या पहिल्या शुक्रवारी कॅथलिक मुलं मासला, म्हणजे चर्चमधल्या उपासनेला, जातात, तेव्हाही बाकीची वर्गात. सासूबाईंना सांगायला एक पक्का आधार आहे : संविधानाच्या कलम २८(३) प्रमाणे शासनमान्य किंवा अनुदानित शाळेत पालकांच्या संमतीशिवाय मुलाला धार्मिक शिक्षण किंवा उपासना सक्तीची करता येत नाही. या शाळा तो नियम पाळतात. कारण तोच त्यांच्या दीडशे वर्षांच्या भरवशाचा पाया आहे. गिरगाव, दादर, कॅम्पातल्या पारशी, गुजराती, मुसलमान, मराठी घरांनी पिढ्यान्‌पिढ्या मुलं पाठवली ती उगाच नाही.

टिळा, गंडा, जानवं यांबद्दल प्रत्येक शाळेचा नियम वेगळा. कॅलेंडरमध्ये लिहिलेला असतो. नसेल तर पहिल्या पालकसभेत विचारा, सोशल मीडियावर नाही.

७. वर्षभराच्या परंपरा, महिन्याप्रमाणे

हा भाग मुलांना सगळ्यांत आवडतो आणि पालकांना सगळ्यांत उशिरा कळतो.

३१ जुलै हा सेंट इग्नेशियस यांचा दिवस. जेझुइट शाळांत ‘फीस्ट’. कुठे सुट्टी, कुठे अर्धा दिवस आणि खाऊ. लगेच दुसऱ्या दिवशी १ ऑगस्टला लोकमान्य टिळकांची पुण्यतिथी आणि अण्णा भाऊ साठे जयंती, म्हणजे भाषणं. एकाच आठवड्यात मुलगा घरी येऊन इग्नेशियसचा तोफगोळा आणि टिळकांच्या शेंगा दोन्ही गोष्टी सांगतो. (इग्नेशियस आधी सैनिक होते. १५२१ मध्ये पाम्प्लोनाच्या लढाईत तोफगोळ्याने पाय मोडला आणि अंथरुणावर पडल्या पडल्या आयुष्य बदललं.)

१५ ऑगस्टला झेंडावंदन असतंच. त्याच दिवशी मरियामातेच्या स्वर्गोन्नयनाचा सण असतो, म्हणून कॅथलिक मित्र तिथून थेट चर्चला जातात.

सप्टेंबरात वांद्र्यात शाळा असेल तर एक व्यावहारिक सूचना. ८ सप्टेंबर हा मरियामातेचा जन्मदिवस आणि त्यानंतरच्या रविवारपासून आठवडाभर मोत माउलीची जत्रा. हिल रोडवरची वाहतूक त्या आठवड्यात हलत नाही. घरून लवकर निघा, किंवा स्टेशनपासून चालत या.

१३ नोव्हेंबरला जेझुइट सेंट स्टॅनिस्लॉस यांचा दिवस पाळतात, ३ डिसेंबरला सेंट फ्रान्सिस झेवियर यांचा. झेवियर १५४२ मध्ये गोव्यात आले. त्यांचं शव जुन्या गोव्यात बॉम जेझू बॅसिलिकात आहे आणि दर दहा वर्षांनी दर्शनाला काढतात. शेवटचं २०२४ च्या नोव्हेंबरपासून २०२५ च्या जानेवारीपर्यंत होतं. गोव्यात ३ डिसेंबरला सार्वजनिक सुट्टी असते. डॉन बॉस्कोच्या शाळांत हाच थाट ३१ जानेवारीला.

डिसेंबरात प्रत्येक वर्गात क्रिब, म्हणजे येशूजन्माचा देखावा. गवत, कागदाच्या टेकड्या, मातीच्या मूर्ती, लुकलुकणारे दिवे. किल्ले करण्यात मुरलेली आपली मुलं इथे भलतीच रंगात येतात. आमच्या वर्गात एकदा टेकडीवर चक्क मावळे उभे होते आणि फादर हसत पुढे गेले. सापळा एवढाच, की पालकांनी विकतचं साहित्य आणून देखावा स्वतः करायचा नाही. मुलांनी केलेलं वेडंवाकडंच बक्षीस मिळवतं. नाताळनंतर मित्रांच्या घरून नेवऱ्या, कुलकुल येतात. दिवाळीचा डबा आपण दिलेला असेल तर जास्त येतात.

फेब्रुवारी-मार्चमध्ये राखेचा बुधवार. काही मुलं कपाळावर राखेचा क्रूस घेऊन वर्गात येतात, पहिलीतला मुलगा घाबरू शकतो, आधी सांगून ठेवा. तिथून ईस्टरपर्यंत उपवासकाळ, आपल्या श्रावणासारखा. त्या बुधवारी आणि दर शुक्रवारी मटण-मांसाहार वर्ज्य. शाळेत गरिबांसाठी डबा फिरतो. त्यात खाऊच्या पैशातले दोन रुपये टाकणं अपेक्षित आहे, आईने दिलेली पाचशेची नोट नाही. ईस्टर २२ मार्च ते २५ एप्रिल यांच्यामध्ये कुठेही येतो, म्हणून वार्षिक परीक्षेचं वेळापत्रक दर वर्षी सरकतं. मागच्या वर्षीच्या अंदाजाने गावाची तिकिटं काढू नका.

याशिवाय फनफेअर किंवा फेट. तिकिटांचं पुस्तक मुलाकडे देतात. न विकली गेलेली तिकिटं परत देता येतात. सोसायटीभर हिंडून खपवायची गरज नाही.

जुन्या वह्यांवर पहिल्या ओळीत ‘ए.एम.डी.जी.’ लिहिलेलं दिसेल. देवाच्या अधिक गौरवासाठी, अशा अर्थाच्या लॅटिन ब्रीदाची ती आद्याक्षरं. जेझुइटांचे प्रमुख पेद्रो अरुपे १९७३ मध्ये माजी विद्यार्थ्यांसमोर बोलले, इतरांसाठी जगणारी माणसं घडवायची आहेत असं म्हणाले, तेव्हापासून ते शब्द जगभरच्या जेझुइट शाळांच्या भिंतींवर आहेत. आठवी-नववीत मुलांना वृद्धाश्रमात, वस्तीतल्या मुलांना शिकवायला नेतात ते त्यातूनच. त्या शनिवारी क्लासला दांडी पडली तर पडू दे.

८. हाउस आणि मैदान

शाळेत बहुधा चार हाउस असतात, लाल, निळं, हिरवं, पिवळं. नावं संतांची किंवा जुन्या फादरांची. मुलगा ज्या हाउसमध्ये पडला त्यात शेवटपर्यंत. भाऊ एकाच हाउसमध्ये हवेत तर प्रवेशाच्या वेळी सांगा, नंतर बदलत नाहीत. स्पोर्ट्स डेला मार्च पास्टच्या सरावात दोन आठवडे जातात. अभ्यास बुडतोय म्हणून तक्रार करू नका. त्या गुणांवर वर्षाची ढाल ठरते, आणि चार हाउसांतली मुलं ती ढाल दहावीच्या टक्क्यांपेक्षा जास्त वर्षं लक्षात ठेवतात.

खेळात प्रत्येक शाळेचा आपला बाणा आहे. सेंट स्टॅनिस्लॉस हॉकीसाठी ओळखली जाते. सुनील गावसकर धोबी तलावच्या झेवियर्सचे. आणि १९८८ मध्ये आझाद मैदानावर शालेय क्रिकेटच्या हॅरिस शील्डच्या उपांत्य सामन्यात शारदाश्रमच्या तेंडुलकर-कांबळींनी ६६४ धावांची नाबाद भागीदारी केली, तेव्हा उन्हात चेंडू मागे पळत होती ती झेवियर्सचीच मुलं. त्या दिवसाची आठवण तिथले लोक स्वतःच हसत सांगतात.

मुलाला क्रिकेट खेळायचं असेल तर निवड चाचण्यांची सूचना शाळा उघडल्यावर लवकरच लागते. जाइल्स शील्ड १४ वर्षांखालच्यांची, हॅरिस १६ खालच्यांची. वयाचा पुरावा म्हणून पुन्हा तोच जन्मदाखला. सामन्यांच्या दिवशीची हजेरी लागते, पण बुडालेला अभ्यास शाळा भरून देत नाही. वर्गातल्या एका हुशार मुलाच्या आईशी मैत्री ठेवा.

९. काही बिनसलं तर

आधी क्लास टीचर, मग सुपरवायझर, मग प्रिन्सिपल, शेवटी फादर मॅनेजर. ही पायरी मोडून थेट फादरांकडे गेलात तर ते ऐकून घेतात आणि तुम्हाला परत क्लास टीचरकडे पाठवतात. भेटीच्या वेळा कॅलेंडरमध्ये असतात. डबा द्यायला आलोय म्हणून वर्गापर्यंत जाता येत नाही.

मुलांच्या शाळेत धक्काबुक्की होते. रोजच्या खरचटण्यावर लगेच धावून जाऊ नका. पण ठरावीक मुलगा ठरावीक मुलाला छळत असेल, किंवा कोणी मोठ्याने हात उगारला असेल, तर तोंडी थांबू नका. तारीख घालून लेखी द्या आणि पोच घ्या. शाळा कितीही जुनी, कितीही नावाजलेली असो, पोच घ्याच.

फीबद्दल शंका असेल तर पालक-शिक्षक संघाच्या कार्यकारी समितीत जा. विनाअनुदानित वर्गांची फी २०११च्या कायद्याप्रमाणे या समितीसमोर ठेवावी लागते, आणि समितीवरचे पालक इच्छुकांमधून चिठ्ठ्या टाकून निवडतात. बहुतेक पालक नावच देत नाहीत. एकाच शाळेत वरचे वर्ग अनुदानित आणि खालचे विनाअनुदानित असू शकतात, त्यामुळे शेजाऱ्याच्या आठवीतल्या मुलाची फी बघून आपल्या केजीच्या फीचा अंदाज बांधू नका.

१०. दहावी आणि एल.सी.

नववीत बोर्डाचे फॉर्म भरण्याची तयारी सुरू होते तेव्हा ऑफिसमध्ये जाऊन जनरल रजिस्टरमधली नोंद बघायला मागा. नाव, आईचं नाव, जन्मतारीख, जन्मगाव, जात. मुलगा शाळेत असेपर्यंत दुरुस्ती शिक्षण खात्याच्या मान्यतेने होते. शाळा सोडल्यावर ती फार अवघड होऊन बसते.

‘झेवियर्स शाळेतून झेवियर्स कॉलेज आपोआप मिळतं’ हा समज सोडा. अकरावीचा प्रवेश केंद्रीय ऑनलाइन पद्धतीने होतो. इन-हाउस कोट्याच्या (त्याच संस्थेच्या शाळेतल्या मुलांसाठीच्या) जागा थोड्या, त्याचे निकष त्या वर्षीच्या माहितीपत्रकात वाचा. अल्पसंख्याक कोटा कॅथलिक, ख्रिस्ती मुलांसाठी आहे, शाळा कॅथलिक असली म्हणून आपला मुलगा त्यात बसत नाही.

निकालानंतर ऑफिसमधून घ्यायच्या गोष्टी : मूळ गुणपत्रिका, एल.सी., वर्तणुकीचा दाखला, आणि मैदानावर काही केलं असेल तर खेळाची प्रमाणपत्रं. मूळ एल.सी. कॉलेज ठेवून घेतं, त्याआधी स्कॅन करून चार-पाच साक्षांकित प्रती काढा. हरवला तर दुसरी प्रत मिळवायला प्रतिज्ञापत्र आणि चकरा. त्याच खिडकीवर माजी विद्यार्थी संघाचा फॉर्मही मिळतो. मुलाला तो नको वाटेल, तरी भरायला लावा. त्याच्या मुलाच्या फॉर्मला वडिलांचा एल.सी. जोडायचा रकाना आहेच.